त्रेसष्ट की छत्तीस?

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा हिशेब माझ्या फोनच्या आधी होतो. दीड किलो टोमॅटो चाळीसच्या भावाने, अडीच किलो कांदे बत्तीसने, पाव किलो मिरची ऐंशीने. मी फोन काढेपर्यंत त्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या कोंबत "एकशे साठ" म्हणून मोकळ्या झालेल्या असतात. पाचशेची नोट दिली, तर तीनशे चाळीस परत करायला त्यांना खालीही बघावं लागत नाही. कुणी फोनवरून पैसे भरले तर गाड्यावरचा छोटा स्पीकर रक्कम मोठ्याने बोलून दाखवतो. म्हणजे मावशींना वाचता येत नव्हतं, तरी तिथेही काही अडत नव्हतं.

अडत होतं ते उधारीच्या वहीपाशी. वही सून लिहायची. "सून म्हायेरला गेली की माझी उधारी बी म्हायेरला जाती," असं म्हणत मावशींनी एक दिवस माझ्याकडे पाटी मागितली. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेवढ्यात आम्ही बसायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "मावशी, एकशे साठ लिहा." त्यांनी लिहिलं: १००६०.

मी हसले. त्यांनी विचारलं, "बोलले त्येच लिव्हलं की, ताई. चुकलं कुठं?" आणि मला पटकन उत्तर देता येईना.

एकशे म्हणजे १००, साठ म्हणजे ६०, दोन्ही शेजारी ठेवले. यात तर्काची चूक शोधून दाखवा. पहिली-दुसरीतली मुलंही नेमकं हेच करतात, आणि तेही बरोबर ऐकतात म्हणूनच. बोलताना 'शे', 'हजार', 'लाख' असे शब्द उच्चारावे लागतात. लिहिताना ते सगळे गायब होतात आणि त्यांचं काम नुसती जागा करते. उजवीकडून तिसऱ्या जागेवर बसला म्हणून तो एक शंभर झाला. शेवटी कुणीच नाही, पण ती जागा दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून शून्य. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांना ते जरा जास्तच पटलं. पुढचे दोन दिवस त्या शून्याला 'रुमाल'च म्हणत होत्या. स्थानमूल्य आणि शून्य यांची ही युक्ती आपल्याच उपखंडात आकाराला आली आणि जगभर गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. ती किती विचित्र युक्ती आहे, हे मात्र पन्नाशीच्या बाईला शिकवायला बसल्यावर कळतं.

मराठीत तर आणखी गंमत. मावशींच्या तोंडी पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द श्वासासारखे आहेत. सव्वाशे, दीडशे, अडीच हजार. आता 'अडीच हजार' लिहून पाहा: २५००. बोललेल्या दोन शब्दांपैकी एकाचीही खूण कागदावर उरत नाही. जे दोन आणि पाच दिसतात ते बोलण्यात नव्हतेच. म्हणजे मावशींना आकडे नुसते लिहायचे नव्हते, प्रत्येक रक्कम आधी मनात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची होती.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजार ज्या अपूर्णांकांत बोलायचा, त्यांचेच पाढे शाळेत होते. आपण ते टाकून दिले. बाजाराने टाकले नाहीत. मावशींच्या सासूबाई तर 'तीन इसा आन धा' असं मोजायच्या, म्हणजे तीन वीस आणि दहा, सत्तर.

अशा तोंडी गणिताकडे विद्वानांचं लक्ष तसं उशिराच गेलं. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांचा एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले, नारळ मागितले, हिशेब विचारला. पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग त्याच पोरांना तीच गणितं कागदावर, नुसत्या आकड्यांची करून दिली, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. पोरं तीच, आकडे तेच. जीन लेव्ह या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या प्रौढांच्या मागे दुकानांतून फिरून असंच पाहिलं: किराणा घेताना केलेले हिशेब ९८ टक्के बरोबर, अंकगणिताच्या परीक्षेत ५९. त्यांच्या १९८८ च्या पुस्तकातला एक किस्सा मला फार आवडतो. वजन कमी करायच्या वर्गातल्या एका माणसाला पाऊण वाटा चीज घ्यायचं होतं, आणि तेही दोन-तृतीयांश कपाचं. तो क्षणभर अडला. मग त्याने दोन-तृतीयांश कप मऊ चीज मोजून पाटावर ओतलं, थापून गोल केलं, बोटाने त्यावर फुली मारली आणि एक चतकोर बाजूला काढला. उरलं ते उत्तर. तीन-चतुर्थांश गुणिले दोन-तृतीयांश म्हणजे अर्धा कप, हे त्याने लिहिलं नाही, बोललं नाही, बहुधा त्याला सुचलंही नाही. पण चीज बरोबर मोजलं गेलं. आपल्याकडे भाकरीचा चतकोर मोडून देणारी कुठलीही बाई हेच करते.

'अडाणी' हा शब्द म्हणूनच मला खटकतो. मावशींकडे गणित होतंच, ते उतरवायला कागद तेवढा नव्हता.

मग एक दिवस वेगळीच चूक झाली. मी म्हटलं त्रेसष्ट, त्यांनी लिहिलं ३६. दुसऱ्या दिवशीही तेच. याच्या मुळाशी दोन कारणं आहेत, आणि दोन्ही नवलाची.

पहिलं भाषेचं. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतो, साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. एकोणतीस तर आणखी दुष्ट: ऐकू येतं 'तीसला एक कमी', आणि लिहायचा दोन आणि नऊ. आपले शंभरपर्यंतचे आकडे जवळजवळ प्रत्येकाला स्वतंत्र नावानेच पाठ करावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचनही सुचवलं गेलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वाद विधानसभेपर्यंत गेला. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, आणि मुलांना संख्या सोप्या व्हाव्यात एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा मीही विनोद पुढे ढकलणाऱ्यांत होते. मावशींची पाटी पाहिल्यावर मी बाईंची मनातल्या मनात माफी मागितली. जुनी नावं जाऊ नयेत असं मला आजही वाटतं. पण अडचण खरी आहे, हे नाकारण्यात काही भाषाप्रेम नाही.

दुसरं कारण डोळ्यांचं, खरं तर मेंदूचं. ३ आणि ६ पाटीवर शेजारी काढून पाहा. एकमेकांची आरशातली प्रतिमा! 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचारच त्यावर उभा आहे: पाठीला पाठ लावून बसलेले दोघे. ६३ मध्ये तेच दोघे समोरासमोर. आपल्याला हा फरक लख्ख दिसतो. न वाचणाऱ्या मेंदूला तो दिसला तरी महत्त्वाचा वाटत नाही, कारण निसर्गात त्याला काडीचं मोल नाही. वाघ डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, पळायचंच आहे. तवा, कोयता, शेजारीण, कशाचीही बाजू बदलली म्हणून ओळख बदलत नाही. लाखो वर्षं मेंदू शिकत आला की डावं-उजवं सोडून दे, वस्तू ओळख. अक्षर ही अशी पहिलीच वस्तू, जिची बाजू बदलली की ती दुसरीच कुणीतरी होते. रेजिन कोलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर प्रौढांना आरशातल्या जोड्या ओळखायला दिल्या तेव्हा त्यांना ते फार जड गेलं. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र जमलं. त्याहून मजेशीर गोष्ट तमिळची. तमिळ लिपीत आरशासारख्या अक्षरांच्या जोड्या नाहीत. इव्ह डॅन्झिगर आणि एरिक पेडरसन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की फक्त तमिळ वाचणारी माणसं, उत्तम साक्षर असूनही, या बाबतीत न वाचणाऱ्यांसारखीच वागतात. लिपी जेवढं मागते तेवढंच मेंदू बदलतो, फुकट काही करत नाही. देवनागरी अक्षरांतही अशी जोडी सापडत नाही. आपली गफलत होते ती घ-ध, भ-म, थ-य यांत. आरसा आपल्याकडे आकड्यांत लपला आहे.

मेंदूत वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही, असणं शक्यच नाही. लेखनाचं वय सुमारे पाच हजार वर्षं, आणि तेवढ्यात शरीराला नवा अवयव उगवत नाही. मग वाचणारा मेंदू करतो काय? डाव्या बाजूला, कानाच्या मागे, तळाशी एक पट्टा आहे. चेहरे, वस्तू, आकार ओळखायच्या कामाचा. त्यातला एक तुकडा तो अक्षरांना देतो. स्टॅनिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या प्रौढांचे मेंदू वाचताना-ऐकताना पाहिले. दहा जण निरक्षर, बावीस जण मोठेपणी शिकलेले, एकतीस जण लहानपणी शाळेत गेलेले. बेरीज करा: त्रेसष्ट! मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरांची ती जागा तयार झालेली होती. चेहऱ्यांचं काम डाव्या बाजूने थोडं आवरतं घेतलं होतं आणि उजव्या बाजूवर जास्त सोपवलं होतं. नुसतं बोलणं ऐकतानाही वाचणाऱ्यांचा मेंदू जास्त काम करत होता. म्हणजे वाचायला शिकलं की कानही बदलतो.

कान बदलतो म्हणजे काय, हे घरी करून बघता येईल. वाचता न येणाऱ्या कुणाला सांगा, 'पाटी'तला 'पा' काढा. 'टी' असं उत्तर येईल. आता सांगा, 'पाटी'तला नुसता 'प्' काढा. आपल्याला 'आटी' सुचतं. त्यांना प्रश्नच कळत नाही. जोसे मोराइश यांनी १९७९ साली पोर्तुगालमध्ये हाच प्रयोग केला. बहुतेक निरक्षर प्रौढांना सुटा व्यंजन-ध्वनी काढता येईना. तशाच घरातल्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांना येत होता. आपण आयुष्यभर 'प्' उच्चारतो, पण तो स्वतंत्र आहे हे लिपीच सांगते, तोंड सांगत नाही.

इथे आपल्या बाराखडीला साष्टांग घालावासा वाटतो. प पा पि पी पु पू. ओळभर 'प्' तोच राहतो, स्वर बदलत जातो. ओळ म्हणता म्हणता, कुणी न सांगता, कानाला कळतं की काहीतरी एक आहे जे बदलत नाही. खाली उतरा, ब बा बि बी, तेव्हा स्वर तेच आणि व्यंजन बदललेलं. मावशींना मी व्यंजन म्हणजे काय ते कधी सांगितलं नाही, पण एका दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, "ही आडवी भावकी, आन ही उभी भावकी."

नेमकी हीच भावकी हजारो मैलांवर एका माणसाने वापरली. पाउलो फ्रेरी, ब्राझीलच्या आंजिकोस गावी, १९६३ साली. शिकणारे मजूर-शेतकरी, वर्ग रात्रीचे. फ्रेरी मुळाक्षरांपासून सुरू करत नसत. लोकांच्या तोंडचा एक शब्द घेत, उदाहरणार्थ 'तिजोलो', म्हणजे वीट. आधी विटेवर गप्पा: कोण भाजतं, कुणाचं घर होतं त्यातून. मग शब्द फोडायचा, ति-जो-लो, आणि प्रत्येकाची भावकी फळ्यावर: ता ते ती तो तू, जा जे जी जो जू, ला ले ली लो लू. मग लोक त्यातून स्वतः शब्द जुळवत. लो आणि जा, 'लोजा', म्हणजे दुकान. लू आणि ता, 'लूता', म्हणजे लढा. चाळीस तासांत सुमारे तीनशे माणसं लिहू-वाचू लागली. शेवटच्या पाठाला राष्ट्राध्यक्ष गूलार स्वतः हजर होते. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. म्हणजे तीनशे नवे वाचक हे तीनशे नवे मतदार. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरींना तुरुंगात टाकलं, मग देशाबाहेर जावं लागलं. बाराखडी शिकवली म्हणून! आपल्याला याचं फार नवल वाटू नये. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाही दिवसभर राबून आलेली माणसं अंधार पडल्यावर पाटी घेत होती, आणि कुणाकुणाला ते रुचत नव्हतं.

माझा सर्वांत आवडता प्रयोग आपल्याच लिपीतला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, बहुतेक तिशीच्या आसपासच्या, वाचता न येणाऱ्या माणसांना, त्यांत जास्त बायकाच, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूची चित्रं घेतली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांत ती पहिलीच्या मुलाइतपत वाचू लागली. पण बदल मेंदूच्या वरच्या सालीपुरता नव्हता. पार आत, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत पोहोचला होता, जे भाग नजर कुठे वळवायची, कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवतात आणि माकडांपासून उंदरांपर्यंत सगळ्यांकडे आहेत. 'क कमळाचा' गिरवला आणि इतकं जुनं, खोल यंत्र हललं! पिकल्या बांबूच्या म्हणी आपल्याला पाठ आहेत. त्या जरा बाजूला ठेवाव्यात.

इतकं जर सहा महिन्यांत होतं, तर मग अडतं कुठे?

निपाणीच्या पुढे हायवेवर कन्नड पाट्या लागतात. मी एकदा हौसेने ती लिपी शिकले होते. अक्षरं सगळी येतात. पण 'बेळगावी' वाचून होईपर्यंत पाटी मागे गेलेली असते. प्रौढ नवसाक्षराची हीच गत असते, आणि ती वर्षानुवर्षं टिकते. जागतिक बँकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अबाद्झी यांनी हा मुद्दा लावून धरला. आपली तात्पुरती स्मृती काही सेकंदच माल धरून ठेवते. मिनिटाला ४५ ते ६० शब्दांच्या खाली वाचलं तर वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विरून जाते. प्रत्येक अक्षर बरोबर, आणि अर्थ शून्य. त्यात देवनागरीची ती पहिली वेलांटी: लिहायची आधी, म्हणायची नंतर. 'कि' वाचताना डोळा पुढे जाऊन मागे येतो. मुरलेल्या वाचकांनाही या वेलांटीपाशी किंचित जास्त वेळ लागतो, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी मोजून दाखवलं आहे. मग नवख्याचं काय होत असेल?

वेग येतो फक्त खूप वाचल्याने, आणि हळू वाचणारा माणूस खूप वाचत नाही. ही गाठ सोडवायची एक सुंदर युक्ती अहमदाबादच्या आयआयएमचे ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून लावून धरली: टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे, सुराबरोबर रंग बदलणारे. गाणं पाठ असतं. कान पुढचा शब्द आधीच जाणतो, डोळ्याने तो फक्त गाठायचा. अभ्यास करतोय हे कळतही नाही.

मावशींना हे सांगायची गरज पडली नाही. त्या वारकऱ्यांच्या घरातल्या, हरिपाठ लहानपणापासून तोंडपाठ. एके दिवशी त्यांनी पिशवीतून हरिपाठाची बारकी पुस्तिका काढली, तोंडाने म्हणत बोट फिरवू लागल्या. पहिल्या आठवड्यात बोट तोंडाच्या मागे राहायचं. महिनाभराने एकदा तोंड अडखळलं, आणि पुढचा शब्द बोटाने दिला. त्या थांबल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्ये मला आठवलं न्हाई. ह्ये मी वाचलं."

केंद्राच्या 'उल्लास' कार्यक्रमात, २०२२ ते २७, पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी दीडशे गुणांची परीक्षा असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंच्या शाळेत २०१६ पासून साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसतात. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण प्रमाणपत्र मिळालं की आपण त्या माणसाला साक्षरांच्या रकान्यात टाकून विसरतो, आणि वेगाची खरी चढण तर तिथून सुरू होते. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या, इमारतीखाली गाडी धुणाऱ्या कुणी नुकतं वाचायला सुरुवात केली असेल, तर त्यांना नवं पुस्तक आणून देण्याआधी विचारा की तुम्हाला काय पाठ आहे. आरती, पोवाडा, लावणी, सिनेमाचं गाणं, काहीही चालेल. तेच मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

मावशींचा फोन अजून इंग्रजी आकडे दाखवतो, आणि तिथला आठ आपल्या चारसारखा दिसतो, ते एक नवंच भांडण चालू आहे. उधारीची वही मात्र आता त्याच लिहितात. काल मी पैसे विसरून गेले होते. माझ्या नावाची वेलांटी चुकली आहे, पण नावासमोर ६३ लिहिलं आहे, तोंडं समोरासमोर. हिशेब मी तपासला. बरोबर आहे.